बर्बर कोणाला म्हणावे?

कॉम्प्युटरवरचा एखादा खेळ हा इतिहासाच्या लेखाचा विषय होऊ शकतो का, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. पण ज्या खेळाविषयी मी लिहिणार आहे त्याची चित्रे ब्रिटनच्या बीबीसी वाहिनीने 'टाइम कमांडर्स' या कार्यक्रमात प्राचीन लढाया दाखवण्यासाठी वापरली. अमेरिकेतील हिस्टरी चॅनेलनेही निर्णायक लढायांवरील आपल्या मालिकेत ती वापरली. म्हणजे खेळातले चित्र घरोघरी इतिहास म्हणून पोचले. जे चित्र इतिहास म्हणून पाहिले जाते, त्याची तपासणी इतिहास म्हणूनच करावी लागते.

खेळाचे नाव 'रोम : टोटल वॉर'. इंग्लंडच्या क्रिएटिव्ह असेंब्ली या कंपनीने तो २००४ च्या सप्टेंबरात बाजारात आणला. काळ इ. स. पूर्व २७० ते इ. स. १४. भूमध्य समुद्राभोवतीचा नकाशा, त्यावर शहरे, फौजा, जहाजे. आपण एक पक्ष घ्यायचा, शेती-रस्ते बांधायचे, कर बसवायचा, सैन्य उभारायचे आणि शेजाऱ्यांचा मुलूख घ्यायचा. लढाई आली की हजारो शिपाई पडद्यावर समोरासमोर उभे राहत. त्या वर्षांत हे दृश्य पाहून भलेभले थक्क झाले होते. मीही थोरल्या भावाच्या कॉम्प्युटरवर, तो कॉलेजात गेला की, हा खेळ खेळले आहे.

मोहीम सुरू करताना मात्र फक्त तीनच पक्ष निवडता येत आणि तिन्ही रोमन घराणी असत : ज्युलियाय, ब्रूटियाय आणि स्किपियाय. गॉल, कार्थेज, पार्थिया, इजिप्त यांची नावे यादीत दिसत, पण बंद कुलपात. त्यांतला एखादा पक्ष आपल्याला खेळायचा असेल तर आधी रोमन होऊन त्याचा समूळ नाश करायचा. तो नष्ट झाला की त्याचे कुलूप उघडे. (पूर्ण मोहीम जिंकली तरी उघडे.) खेळ बनवणाऱ्यांनी यात काही तत्त्वज्ञान योजले असेल असे मला वाटत नाही, खेळणाऱ्याला बक्षीस द्यायचे एवढाच हेतू असावा. पण साम्राज्यांच्या इतिहासलेखनाचे याहून नेमके वर्णन मला एखाद्या जाड ग्रंथातही सापडले नाही. ज्याला आपण संपवले त्याचीच गोष्ट सांगायची परवानगी!

पुढे कुलूप उघडून गॉल किंवा जर्मन झाले तरी फारसे हाती लागत नसे. खेळाच्या हिशेबी हे 'बर्बर'. त्यांची वस्ती एका मर्यादेपलीकडे वाढत नसे, दगडी तट त्यांच्या नशिबी नव्हता, रस्ते कच्चेच राहत. ब्रिटनच्या फौजेत शत्रूची कापलेली मुंडकी फेकणारे शिपाई होते आणि जर्मनांच्या फौजेत किंचाळणाऱ्या बायकांची पलटण. सबंध खेळात रणांगणावर ज्या थोड्या बायका दिसत, त्यांतल्या या! इतर बायका घराण्याच्या वंशवृक्षावर लग्नापुरत्या.

इजिप्तची गंमत तर निराळीच. इ. स. पूर्व २७० मध्ये तिथे टॉलेमी घराण्याचे राज्य होते. अलेक्झांडरचा सेनापती टॉलेमी इ. स. पूर्व ३०५ मध्ये तिथला राजा झाला आणि शेवटची क्लिओपात्रा इ. स. पूर्व ३० मध्ये मेली तोवर हे मॅसेडोनियन घराणे टिकले. दरबाराची भाषा ग्रीक, फौजेचा कणा लांब भाल्यांचे ग्रीक-मॅसेडोनियन पायदळ. खेळात मात्र फराओंच्या काळचे रथ आणि पट्ट्यापट्ट्यांची शिरोवस्त्रे घातलेले धनुर्धर. ज्या फराओंचा हा थाट होता त्यांचे युग इ. स. पूर्व ११ व्या शतकातच संपले होते. म्हणजे आठशे वर्षांची चूक. शिवरायांच्या रायगडावर राष्ट्रकूटांचे सैनिक पहाऱ्यावर उभे करावेत, तसे हे झाले. पण परक्याला इजिप्त म्हटले की पिरॅमिड आणि फराओच आठवतात, त्यामुळे ग्राहकाच्या डोक्यात जे आधीच होते तेच त्याला विकले गेले. मुसलमान म्हटले की नाटक-सिनेमात सुरमा आणि जाळीची टोपी येते, ते काय वेगळे आहे?

आता मूळ विषयाकडे येते. या खेळाची बरीचशी माहिती साध्या मजकुराच्या फायलींत ठेवलेली होती : कोणत्या पक्षाचे नाव काय, कोणत्या तुकडीचे बळ किती, कोणते शहर कोणाचे. त्या फायली उघडून कोणालाही बदलता येत. असे बदल करून चाहते खेळाची जी नवी आवृत्ती बनवतात तिला 'मॉड' म्हणतात. बहुतेक मॉड तलवारी चकचकीत करण्यापुरतेच असतात. पण निरनिराळ्या देशांतले काही हौशी लोक, त्यांत इतिहासाचे आणि जुन्या भाषांचे अभ्यासकही होते, एकत्र आले आणि त्यांनी सबंध खेळच पायापासून नवा मांडला. एक पैसाही न घेता, वर्षानुवर्षे. त्या मॉडचे नाव 'युरोपा बार्बारोरम'. लॅटिनमध्ये अर्थ होतो, बर्बरांचा युरोप. २००९ पर्यंत तो बराचसा पूर्णत्वाला आला. पुढे त्याच मंडळींनी 'मेडिव्हल २ : टोटल वॉर' या दुसऱ्या खेळावर त्याचा दुसरा अवतार रचला आणि २०१४ च्या ऑगस्टमध्ये तो लोकांसमोर ठेवला.

त्यांच्यापुढे पहिली अडचण आली ती जागांची. खेळाच्या यंत्रणेत एकवीसच पक्ष मावत, बाविसावा घालायची सोय नव्हती. एकविसावा पक्ष म्हणजे कोणाच्याच ताब्यात नसलेली शहरे. उरले वीस. या विसांपैकी मूळ खेळात चार जागा एकट्या रोमने अडवलेल्या होत्या : तीन घराणी आणि चौथे सिनेट. ज्या जगात गॉलमधील डझनावारी टोळ्यांना मिळून एक जागा, साऱ्या इबेरियाला 'स्पेन' नावाची एक जागा, तिथे रोमला चार! मॉडकर्त्यांनी रोमला एकच जागा ठेवली. मोकळ्या झालेल्या तीन जागा, शिवाय थ्रेस आणि नुमिदिया हे पक्ष काढून मिळालेल्या दोन, अशा पाच जागांचे वाटप झाले. गॉलच्या जागी एदुई आणि अर्वेर्नी हे दोन परस्परविरोधी पक्ष आले. एपिरस आला, बॅक्ट्रिया आला, मध्य आशियातले शक आले आणि दक्षिण अरबस्तानातला सबा आला.

मग नावे. प्रत्येक समाजाला त्याच्या शेजाऱ्याने किंवा शत्रूने दिलेल्या नावाऐवजी, शक्य तिथे, त्याचे स्वतःचे नाव द्यायचे असे ठरले. कार्थेजचे 'कार्त-हदश्त' झाले. फिनिशियन भाषेत त्याचा अर्थ नवे शहर. अरबी जाणणाऱ्याला 'करिया' आणि 'हदीस' या शब्दांचे नाते त्यात लगेच ऐकू येईल, कारण फिनिशियन ही अरबीच्याच कुळातली भाषा. आर्मेनियाचे 'हायास्दान' झाले, पार्थियाचे 'पहलव', जर्मेनियाचे 'स्वेबोझ'.

पण मला सर्वांत मोलाचा वाटतो तो एकविसाव्या पक्षाच्या नावातला बदल. कोणाच्याच राज्यात नसलेल्या त्या शहरांना मूळ खेळात पडद्यावर 'रिबेल्स' म्हणजे बंडखोर म्हटलेले असे. ज्यांच्यावर अजून कोणी राज्यच केले नाही त्यांनी बंड कोणाविरुद्ध केले, हा प्रश्न कोणाला पडला नव्हता. त्याहून विशेष म्हणजे खेळाच्या आतल्या फायलींत, जिथे खेळणाऱ्याची नजर जात नाही, तिथे या पक्षाचे नाव 'स्लेव्ह' आहे. गुलाम! मॉडकर्त्यांनी पडद्यावरचे नाव बदलून 'एलेउथेरोई' केले. हा ग्रीक शब्द आहे, अर्थ 'स्वतंत्र लोक'. आतले नाव बदलायची मात्र सोय नव्हती. तेव्हा एकच लोकसमूह आत गुलाम, मूळ खेळात बंडखोर आणि मॉडमध्ये स्वतंत्र. आपल्याकडे १८५७ च्या घटनेला कोणी शिपायांचे बंड म्हटले आणि कोणी स्वातंत्र्यसमर, हे ज्यांना माहीत आहे त्यांना यात नवल वाटणार नाही.

नावांची ही गोष्ट मला इतकी का लागली ते सांगते. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. आमची मुले मराठी भाषा म्हणून शिकतात, आणि शाळेबाहेरही जुने मराठी वाङ्मय त्यांच्या कानावर पडते. बखरींत, ऐतिहासिक कादंबऱ्यांत, जुन्या नाटकांत मुसलमानांना 'यवन' म्हटलेले असते. एकदा आठवीतल्या एका मुलीने विचारले, "बाजी, यवन म्हणजे आपणच का?" वर्ग शांत झाला. मी फळ्यावर दोन शब्द लिहिले : यवन आणि यूनान. मग त्यांना विचारले, मोहल्ल्यातल्या हकीमसाहेबांच्या दवाखान्यावर काय लिहिलेले आहे? "युनानी दवाखाना!" मुले एका सुरात म्हणाली. आशिया मायनरच्या किनाऱ्यावर आयोनिया नावाचा ग्रीकांचा प्रदेश होता. इराणी लोक त्यावरून ग्रीकांना यौना म्हणत. तेच नाव संस्कृतात यवन, पालीत योन, अरबी-उर्दूत यूनान झाले. म्हणजे यवन हे मुळात ग्रीकांचे नाव. पुढे ते वायव्येकडून येणाऱ्या कोणाही परक्याचे झाले आणि शेवटी इथेच जन्मून इथेच मातीआड होणाऱ्यांनाही चिकटले. मुली हसल्या. पण शब्दाची व्युत्पत्ती सांगून त्याचा डंख पुरता जात नाही, हेही मला त्याच तासाला कळले.

योगायोग असा की याच ग्रीकांनी जगाला 'बर्बर' हा शब्द दिला. ज्याची बोली आपल्याला कळत नाही, जो नुसतेच बर-बर करतो, तो बार्बारोस. संस्कृतातही बर्बर आहे, आणि म्लेच्छ या शब्दाच्या मुळाशीही अस्पष्ट बोलण्याचाच अर्थ आहे. आपल्या बाजूचेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. अरबांनी अरबेतरांना 'अजम' म्हटले, त्याचाही मूळ अर्थ ज्याचे बोलणे स्पष्ट नाही असा. एकट्या ग्रीकांना दोष देऊन भागणार नाही. उत्तर आफ्रिकेतल्या लोकांना तर हे नाव कायमचे चिकटले. त्यांना जग बर्बर म्हणते. ते स्वतःला इमाझिघेन म्हणवतात. इ. स. ७११ मध्ये समुद्र ओलांडून स्पेनमध्ये उतरलेला तारिक बिन झियाद त्यांच्यातलाच मानला जातो.

आणि इथेच या मॉडची एक उणीव दाखवायला हवी. नुमिदिया म्हणजे याच लोकांचे प्राचीन राज्य. मूळ खेळात त्याला जागा होती. बर्बरांचा युरोप रचणाऱ्यांनी नेमके तेच काढले! इ. स. पूर्व २७२ साली, जिथून हा मॉड सुरू होतो, नुमिदियाचे एकसंध राज्य झालेले नव्हते. मासिनिस्साने ते एकत्र आणले ते झामाच्या लढाईनंतर, म्हणजे इ. स. पूर्व २०२ नंतर. जागा वीसच, हेही खरे. पण कारण कितीही सयुक्तिक असले तरी यादीतून कोण गळाले हे विसरता येत नाही. दुसऱ्या अवतारात यंत्रणेने जास्त जागा दिल्या तेव्हा मासिनिस्साच्या मस्सिली लोकांना आपले स्थान मिळाले.

गॉलच्या बाबतीत मॉडकर्त्यांनी केलेले काम मला फार आवडते. गॉलविषयी आपण जे जाणतो त्यातले पुष्कळसे ज्युलियस सीझरने लिहिलेले, म्हणजे ज्याने इ. स. पूर्व ५८ पासून आठ वर्षे त्यांना चिरडले त्याने. पण त्याचाच मजकूर नीट वाचला तर खेळातल्या कच्च्या वस्त्या टिकत नाहीत. अवारिकम शहराच्या वेढ्याचे वर्णन करताना तो गॉलच्या तटबंदीची तारीफ करतो : आडवी लाकडे आणि दगड एकाआड एक रचलेले, आगीला दगड पुरून उरतो आणि धडकेला लाकूड. कड्यांचे चिलखत रोमन शिपायाच्या अंगावर दिसते खरे, पण ते मूळचे गॉल लोकांचे, असे खुद्द रोमन विद्वान वारो सांगतो. रोमन शिपायाची आखूड तलवार इबेरियाकडून घेतलेली. म्हणजे ज्याला बर्बर म्हणायचे त्याच्याच लोहाराचे हत्यार हातात घेऊन! मॉडमध्ये एखाद्या तुकडीवर माउसची उजवी कळ दाबली की असे सगळे सविस्तर वाचायला मिळते. काही टिपणे इतकी लांब की लढाई बाजूला राही आणि मी वाचतच बसे. शिपायांच्या आरोळ्यासुद्धा त्यांनी जुन्या भाषांत ध्वनिमुद्रित करून घेतल्या होत्या.

तरी चित्रे, नावे, टिपणे ही वरची सजावट झाली. शिक्षक म्हणून मला एवढे कळते की मूल धड्यातल्या उपदेशापेक्षा वर्गाच्या नियमांतून जास्त शिकते. खेळाचेही तसेच. मूळ खेळात शहर जिंकले की ते आपले. पराभूतांची देवळे पाडून आपली बांधली की नाराजी कमी होई, आणि थोड्याच काळात आपल्याच जातीचे शिपाई तिथून निघू लागत. मॉडने हा नियम बदलला. शहर जिंकल्यावर आधी ठरवायचे, इथे राज्य कसे करणार? त्याचे चार प्रकार ठेवलेले. एका टोकाला प्रत्यक्ष आपली सत्ता, दुसऱ्या टोकाला स्थानिक सरदाराशी करार करून त्याच्या हाती कारभार. सगळीकडे सगळे प्रकार चालत नाहीत. आपली सत्ता घट्ट केली तर आपले सैनिक मिळतात, पण तिथले उत्तम स्थानिक सैनिक मिळत नाहीत. ते हवे असतील तर स्थानिकांना मान द्यावा लागतो. मुलूख जिंकला म्हणून माणसे आपली होत नाहीत, हे वाक्य कुठेही न लिहिता नियमाने शिकवलेले.

हा नियम हवेतून आलेला नाही. इ. स. पूर्व २१७ मध्ये राफिया इथे, म्हणजे आजच्या गझापट्टीतील रफाहजवळ, टॉलेमी चौथा आणि सिरियाचा राजा अँटिओकस तिसरा यांची लढाई झाली. ग्रीक शिपाई पुरेना, म्हणून टॉलेमीने प्रथमच मूळच्या इजिप्शियन लोकांना मोठ्या संख्येने लांब भाले देऊन पायदळात उभे केले. पोलिबियस हा इतिहासकार त्यांचा आकडा २०,००० देतो. टॉलेमी जिंकला. पण हाती भाला आलेल्या त्या इजिप्शियनांना आपले बळ कळले, आणि परक्या राजाचे हुकूम त्यांना सोसेनात, असे पोलिबियसच सांगतो. काही वर्षांतच दक्षिण इजिप्त फुटून निघाला आणि सुमारे वीस वर्षे तिथे होरवेन्नेफर आणि त्यानंतर अंखवेन्नेफर असे देशी फराओ राज्य करत होते. खऱ्या अर्थाने फराओचे नाव या काळात कुठे शोभले असेल तर या बंडात. पण मूळ खेळाच्या फराओंना या बंडाचा पत्ताही नव्हता.

सबाविषयी थोडे विस्ताराने लिहिण्याचा मोह होतो. कुरआन शरीफमधील ३४ वी सूरत याच नावाची आहे. सबाच्या राणीचा आणि हजरत सुलेमान अलैहिस्सलाम यांचा प्रसंग २७ व्या सूरतेत येतो. आपल्या घरांत तिला बिल्किस म्हणतात, आणि ते नाव कितीतरी मुलींना ठेवले जाते. मआरिबचा बांध आणि तो फुटून आलेला पूर, सैल-उल-अरिम, ही आपल्या लहानपणीची ऐकीव गोष्ट. पण सबा हे नकाशावरचे, हिशेबी, व्यापारी राज्य होते असे आपल्यापैकी किती जणांच्या डोळ्यांसमोर येते? लोबानाच्या व्यापारावर ते उभे होते. 'मुस्नद' नावाची त्यांची स्वतःची सुबक लिपी होती. मआरिबचा बांध सुमारे ६०० मीटर लांब होता आणि त्याच्या दोन्ही टोकांच्या दगडी मोऱ्या आजही उभ्या आहेत. इ. स. ५४८ मध्ये त्याची मोठी दुरुस्ती झाली. ती करवणाऱ्याने तिचा शिलालेख कोरून ठेवला आहे. त्याचे नाव अब्रहा. हत्तींच्या फौजेच्या गोष्टीतला अब्रहा आपल्या घरातल्या पोरासोरांनाही माहीत असतो, तोच हा. २०२३ मध्ये युनेस्कोने सबाच्या या अवशेषांना जागतिक वारशाच्या यादीत घेतले, आणि येमेनमधल्या युद्धामुळे त्याच वेळी धोक्यात असलेल्या वारशाच्या यादीतही.

इ. स. पूर्व २६ मध्ये ऑगस्टसच्या हुकमाने एलियस गॅलस नावाचा रोमन अधिकारी सुमारे १०,००० माणसे घेऊन या देशावर चालून गेला. मारसियाबा नावाच्या शहराला, जे बहुधा मआरिबच, त्याने सहा दिवस वेढा घातला आणि पाणी नाही म्हणून परत फिरला. त्याचा मित्र स्ट्राबो लिहितो की लढाईत फक्त सात माणसे मेली, बाकीची रोगाने, भुकेने आणि थकव्याने. दोष वाटाड्या नबातियन मंत्र्यावर टाकून मोकळे झाले. मॉडमध्ये सबा घेऊन खेळले तर वाळवंटाची ही ताकद कळते. पैसा हळूहळू येतो, फौज हलकी, पण आपल्यापर्यंत पोचता पोचताच शत्रू अर्धा होतो. जगातल्या एका खेळात अरब हे लुटारू टोळी म्हणून न येता कालवे खोदणारे, हिशेब ठेवणारे, बांध बांधणारे म्हणून आले, याचे मला अप्रूप वाटते, आणि ते लपवण्याचे कारण नाही.

या मॉडची फार स्तुती झाली असे वाटत असेल तर दुसरी बाजूही आहे. स्वेबोझ हे नाव कुठल्याही शिलालेखात सापडत नाही. जर्मन भाषांच्या मूळ रूपाविषयी भाषाशास्त्रज्ञांचे जे अनुमान आहे त्यातून ते घडवले आहे. म्हणजे 'त्यांचे स्वतःचे नाव' असे ज्याला म्हणायचे तेही विसाव्या शतकातल्या ग्रंथालयात तयार झालेले. ब्रिटनमध्ये 'कासे' नावाचा पक्ष होता. त्याचा आधार म्हणजे सीझरने शरण आलेल्या टोळ्यांच्या यादीत एकदा केलेला 'कासी' असा उल्लेख. दुसऱ्या अवतारात त्यांनी तो काढून 'प्रितानोई' हे नाव घेतले. हा बदल मला त्यांच्या प्रामाणिकपणाची खूण वाटतो. पण एका गोष्टीला त्यांनी हात लावला नाही, लावता आलाही नसता. प्रत्येक समाजाला बोलायला दिले, ते तलवार हाती दिल्यावरच. जो लढत नाही, मुलूख घेत नाही, त्याला या खेळात पक्ष म्हणून उभे राहता येत नाही. लोबान गोळा करणारा, बांधाची माती उचलणारा, राफियाहून घरी परतून शेतात गेलेला, हे सगळे टिपणांत सापडतील, नकाशावर नाहीत.

शक, यवन, पहलव : मॉडमधली ही तीन नावे आपल्या महाराष्ट्रात दगडावर कोरलेली आहेत. नाशिकच्या पांडवलेण्यांत सातवाहन राजमाता गौतमी बलश्री हिचा लेख आहे, इ. स. च्या दुसऱ्या शतकातला. आपल्या मुलाची, गौतमीपुत्र सातकर्णीची थोरवी सांगताना तिने त्याला या तिघांचा संहार करणारा म्हटले आहे. आईने मुलाचे कौतुक करावे हे साहजिकच. पण त्या लेखात हे तिघे फक्त मारले जाण्यासाठी येतात. आता तिथून कार्ल्याला या. त्याच सह्याद्रीतले, साधारण त्याच काळाच्या आसपासचे चैत्यगृह. तिथल्या खांबांवर दान देणाऱ्यांची नावे आहेत, आणि त्यांत धेनुकाकट नावाच्या गावचे कितीतरी यवन आहेत. त्यांनी स्वतःला यवन म्हणवून घेतले आहे. आपले नाव, आपले गाव आणि आपण दिलेला खांब. नावे पाहावीत तर भारतीय वळणाची, सिंहध्वज, धर्म अशी. ते ग्रीक होते, ग्रीकांचे वंशज होते की आणखी कोणी, यावर विद्वानांत वाद आहे. खांब मात्र आजही छताचा भार पेलत उभे आहेत. आमच्या शाळेची सहल कार्ल्याला गेली तर त्या आठवीतल्या मुलीला तो खांब दाखवावा, असे मी योजून ठेवले आहे.

सातवाहन या मॉडमध्ये नाहीत. नकाशाची उजवी कड सिंधूच्या खोऱ्यापाशी येऊन थांबते, दख्खन तिच्याबाहेर राहते. मौर्यांनाही पक्ष नाही. त्यांच्या राज्याचा जो तुकडा कडेला आला आहे तो एलेउथेरोईंच्या खात्यात जमा. पुढे दुसऱ्या अवतारात तक्षशिलेला स्वतःची जागा मिळाली, एवढेच. आणि मॉड सुरू होतो त्यानंतर चार-पाच वर्षांत पाटलिपुत्रात अशोकाचा अभिषेक झाला. त्याच्या तेराव्या शिलालेखात पाच यवन राजांची नावे आहेत : अंतियोक, तुरमाय, अंतिकिनि, मका आणि अलिकसुदर. सिरियाचा, इजिप्तचा, मॅसेडोनियाचा, सायरीनीचा आणि बहुधा एपिरसचा राजा. खेळाच्या पहिल्या पानावर ज्यांची घराणी मांडून ठेवली आहेत, तीच ही माणसे. अशोकाने त्यांची नावे त्यांच्या भाषेत लिहिली नाहीत, आपल्या जिभेला जशी वळली तशी लिहिली. टॉलेमीचा तुरमाय केला. पण पाचही जणांना नावाने ओळखले. आणि त्यांच्या मुलखांपर्यंत आपले पाठवले ते दूत आणि धम्म, फौज नव्हे, असे त्याने त्याच लेखात म्हटले आहे.